वावरातला काळा दगड आणि मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स

मंगळावर ऑलिंपस मॉन्स नावाचा एक ज्वालामुखी आहे. त्याचा पसारा साधारण 3 लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार 713 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या राज्याएवढ्या जागेवर एकटा एक डोंगर बसला आहे. आपला अकरा जिल्ह्यांचा विदर्भ त्यात तीनदा मावेल. या काठापासून त्या काठापर्यंत त्याची रुंदी सुमारे 600 किलोमीटर. नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत गाडी हाकली की तेवढं अंतर होतं.

उंची जवळजवळ 22 किलोमीटर. मंगळावर समुद्र नाही, त्यामुळे तिथं एक सरासरी पातळी ठरवून घेतली आहे आणि तिच्यापासून उंच्या मोजतात. जुन्या पुस्तकांत 25 किलोमीटर हा आकडा सापडतो. 1997 मध्ये मंगळाभोवती पोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने लेसरने मोजणी केली, तेव्हा तो थोडा खाली आला. तरी एव्हरेस्टच्या (8.85 किलोमीटर) अडीचपट झालाच.

हे आकडे ऐकले की डोळ्यांपुढं आभाळात घुसलेलं टोकदार शिखर उभं राहतं, आणि इथंच चित्र चुकतं. 22 किलोमीटरचा चढ 300 किलोमीटरमध्ये वाटून टाका, काय उरतं? सरासरी चारेक अंशांचा उतार. शंभर फूट चाललं की सातेक फूट चढ. चिखलदऱ्याला पायी चढून गेलेल्या माणसाला याचं काही वाटणार नाही, फक्त हे चालणं संपायचं नाव घेणार नाही. शिवाय मंगळ पृथ्वीच्या जवळपास निम्म्या व्यासाचा, म्हणून त्याची गोलाई जास्त. सपाटीवर उभ्या माणसाला तिथं क्षितिज साडेतीन किलोमीटरच्या आतच लागतं. डोंगराच्या मधोमध उभं राहिलं तर चारी बाजूंना नुसतं किंचित कललेलं खडकाळ माळरान दिसेल. आपण सूर्यमालेतल्या सर्वांत मोठ्या ज्वालामुखीवर उभे आहोत, हे तिथं कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

तो डोंगर आहे हे माणसालाही उशिराच कळलं. 1879 मध्ये जिओव्हानी स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून तिथं एक पांढुरका ठिपका दिसला. त्याला वाटलं बर्फ असावं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा डोंगरमाथ्यावर अडकणारे ढग पाहत होता. पुढं 1971 च्या नोव्हेंबरमध्ये मरिनर 9 यान मंगळाभोवती फिरू लागलं, तर खाली सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. त्या धुळीतून चार काळपट डाग तेवढे वर आलेले दिसत होते. धूळ हळूहळू बसली तेव्हा लक्षात आलं, की हे डाग म्हणजे चार ज्वालामुखींचे माथे आहेत: आर्सिया, पॅव्होनिस, अॅस्क्रेयस, आणि त्यांच्यापासून वायव्येला एकटा पडलेला ऑलिंपस. गंमत अशी, की स्कियापारेल्लीचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. 2024 मध्ये युरोपच्या यानाला यांतल्या काही माथ्यांवर सकाळच्या वेळी खरोखरच पाण्याचं दहिवर सापडलं. केसाएवढ्या जाडीचा थर, जो उन्हं वर आली की उडून जातो.

आपल्या विहिरीत काय दिसतं

आता दगडाकडं येऊ, कारण खरी गोष्ट दगडाची आहे. ऑलिंपस मॉन्स बनला आहे बेसाल्टचा. तोच तो काळा दगड, जो बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरच्या पश्चिम भागात आपल्या पायाखाली आहे. (पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तो नदीच्या जाड गाळाखाली दडला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं मात्र दगडाची जात वेगळी आणि वयानं कितीतरी जुनी.) आपल्या देवळाच्या पायऱ्या, जुन्या गढ्या, धुऱ्यावर रचलेले गोटे, रस्त्यावरची गिट्टी, हे सगळं थिजलेल्या लाव्ह्याचं आहे.

हा लाव्हा कसा साचत गेला, ते पाहायला मंगळावर जायची गरज नाही. ज्यानं यवतमाळ-वाशीमकडं विहीर खोदून घेतली आहे, त्यानं ते पाहिलेलं असतं. काळी माती संपली की मुरूम. त्याखाली ठिसूळ, भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि त्या भोकांत पांढऱ्या चकाकणाऱ्या गारा. मग लागतो काळा पाषाण. इथं कुदळ-पहारीचं काम संपतं आणि सुरुंगाचं सुरू होतं. खर्चही इथंच दुप्पट होतो. तो फोडून आणखी खाली गेलं, तर कधी कधी हातभर जाडीचा तांबडा मातीसारखा थर मिळतो, आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण.

यातली प्रत्येक मांजऱ्या-पाषाणाची जोडी म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. लाव्ह्यात वायू विरघळलेला असतो. लाव्हा पसरून थंड होऊ लागला की वायूचे बुडबुडे वर सरकतात, पण तोवर वरचा भाग घट्ट झालेला असतो, म्हणून ते तिथंच अडकतात. तो झाला मांजऱ्या. खालचा भाग सावकाश थंड झाला, त्यात बुडबुडे राहिले नाहीत. तो पाषाण. भोकांत नंतर हजारो-लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातल्या क्षारांच्या गारा झाल्या. तांबडा थर सांगतो, की एक पूर थिजल्यावर बराच काळ दुसरा आलाच नाही. मधल्या काळात ऊन-पावसानं वरचा दगड कुजला, त्याची माती झाली, आणि मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावरून वाहत गेला.

नागपूरजवळ टाकळीला तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले दगड होऊन सापडले आहेत. स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते जमवून अभ्यासले. म्हणजे दोन पुरांच्या मधे इथं तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि पुन्हा वरून आग आली.

मंगळावरही हीच थरांची रचना आहे. मार्स रेकनसन्स ऑर्बिटर या यानाचा कॅमेरा टेबलाएवढी वस्तूही टिपू शकतो. त्याच्या चित्रांत कड्यांच्या आणि विवरांच्या भिंतींवर एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर दिसतात. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडी भागात रस्त्याच्या कामात षटकोनी दगडी खांब उघडे पडले, तेव्हा कुणी पुरातन मंदिर म्हणालं, कुणी आणखी काही. ते बेसाल्टचेच खांब होते. जाड लाव्हा आकसत थंड होताना त्याला उभे तडे जातात आणि असे खांब सुटे होतात. तसलेच खांब मंगळावरच्या एका विवराच्या भिंतीत 2009 मध्ये ओळखले गेले.

दगड एक, तो वाहण्या-थिजण्याची रीत एक. मग कुणीही विचारील तो प्रश्न: "तिथं येवढा डोंगर झाला, मंग आपल्या इकडं काऊन नाही झाला?"

लाव्हा आपल्याकडं कमी नव्हता

पहिला अंदाज असा येतो, की मंगळावरचा ज्वालामुखी जास्त खवळलेला असणार. हिशेब उलटाच निघतो.

दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आला. आज झिजून उरलेला त्याचा विस्तारच 5 लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. सह्याद्रीकडं त्याची जाडी 2 किलोमीटरपेक्षा जास्त भरते आणि नागपूरकडं येता येता पातळ होत संपते. त्याचं एकूण घनफळ अगदी हात आखडून धरलं तरी 5 लाख घन किलोमीटरच्या वर जातं, आणि त्यातला मोठा वाटा सुमारे दहा लाख वर्षांत बाहेर आला. ऑलिंपस मॉन्सचं घनफळ 20 ते 30 लाख घन किलोमीटर धरतात, पण तो उभा राहायला 300 कोटींहून जास्त वर्षं लागली. दरवर्षीची सरासरी काढा. आपला लाव्हा शेकडो पट वेगानं आलेला निघतो. खवळलेले आपण होतो. मंगळ थेंब थेंब गळत होता, फक्त तो गळायचा थांबला नाही.

दुसरा फरक तोंडाचा. दख्खनचा लाव्हा एका मुखातून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उसळला. धुळे-नंदुरबार भागात अशा भेगांत थिजून राहिलेल्या दगडी भिंती आजही मैलोन् मैल दिसतात. भेगेतून आलेला पातळ लाव्हा डोंगर रचत बसत नाही, तो खोलगट जागा शोधत वाहत सुटतो. आंध्रात राजमहेंद्रीजवळचा बेसाल्टसुद्धा जुन्या नदीखोऱ्यांतून तिथवर वाहत गेलेला दख्खनचाच लाव्हा असल्याचं मानतात. तेव्हा पांढरकवड्याला किंवा कारंज्याला "आपला ज्वालामुखी कुठाय?" म्हणून शोधू नये. तसा डोंगर नव्हताच.

पण या दोन्हींपेक्षा मोठं कारण तिसरं आहे, आणि माझ्या मते ऑलिंपस मॉन्सची गोष्ट एवढी एक बाब कळली तरी अर्धी कळते. तिथली जमीन हलली नाही.

पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या तुकड्यांत फुटलेलं आहे आणि हे तुकडे सतत सरकत असतात. खोलवरून तापलेला खडक झोतासारखा वर येतो, त्याची जागा मात्र फारशी बदलत नाही. शिलाई मशीनवर पाहा. सुई जिथल्या तिथं वरखाली होते आणि कापड पुढं सरकतं, म्हणून टाके एका ओळीत पडतात. कापड अडकलं आणि सुई चालूच राहिली, तर सगळा दोरा एकाच जागी गोळा होतो.

पृथ्वीवर टाक्यांची ओळ पडते. हवाई बेटांचं तसंच झालं. पॅसिफिकचा तुकडा वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकत राहिला आणि खालच्या झोतानं बेटांची आणि बुडालेल्या डोंगरांची सुमारे 6 हजार किलोमीटरची रांग लावली. कोणत्याही एका ज्वालामुखीला काही लाख वर्षांपलीकडं भरभरून लाव्हा मिळाला नाही. जमिनीनं त्याला झोतावरून उचलून पुढं नेलं आणि तो विझत गेला. आपलंही तेच. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, की दख्खनच्या लाव्ह्यामागचा झोत आज रियुनियन बेटाखाली आहे. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. तिथला पितों दे ला फुर्नेझ ज्वालामुखी अजूनही वरचेवर उद्रेक करतो. झोत तिथंच राहिला, आपण उत्तरेकडं निघून आलो. वाटेतली खूण म्हणून लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्रातली डोंगररांग उरली.

मंगळाचं कवच एकसंध आहे, तुकडे नाहीत, सरकणं नाही. त्यामुळे ऑलिंपसखाली जे काही वर येत होतं ते कोट्यवधी वर्षं त्याच जागी येत राहिलं. लाव्हा पाझरायचा, उतारावरून वाहत जाऊन थिजायचा, मधे लाखो वर्षं शांतता, मग पुन्हा त्याच मुखातून नवा थर. हवाईचा मौना लोआ हा याच जातीचा, पसरट ढालीसारख्या ठेवणीचा ज्वालामुखी. समुद्रतळापासून त्याची उंची सुमारे 9 किलोमीटर. हवाईची अख्खी रांग एकाच ठिकाणी साचली असती तर काय झालं असतं, त्याचं उत्तर मंगळावर उभं आहे.

एवढं ओझं पेललं कसं

नुसता लाव्हा मिळून भागत नाही. खालच्या जमिनीला ते वजन झेपावं लागतं. मौना लोआच्या भारानं त्याच्याखालचा समुद्रतळ कित्येक किलोमीटर खचला आहे. डोंगर वाढतो आणि वाढता वाढता स्वतःच्याच वजनानं बुडतो.

मंगळावर दोन गोष्टी डोंगराच्या बाजूनं पडल्या. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के. इथं 100 किलो भरणारं कापसाचं गाठोडं तिथं स्प्रिंगच्या काट्यावर 38 किलोचाच ताण देईल. तोच दगड, तेवढाच ढीग, पण खाली दाब निम्म्याहून कमी. दुसरी गोष्ट, मंगळ लहान असल्यानं लवकर निवला. त्याच्या कवचाचा थंड, ताठ भाग जाड झाला. ऑलिंपसखाली तो 70 किलोमीटरपेक्षाही जाड असावा, असं यानांच्या कक्षेवर होणाऱ्या सूक्ष्म परिणामांवरून काढलेलं गणित सांगतं. एवढ्या जाड तुळईवर हा डोंगर बसला, म्हणून तो फारसा खचला नाही.

आणि झीजही नाही. आपल्याकडच्या बेसाल्टवर सहा कोटी वर्षं पाऊस पडतो आहे. त्या पावसानं किती दगड खाल्ला त्याचा हिशेब करायचा तर काळ्या मातीची खोली बघावी. आपली कपाशी, तूर, सोयाबीन ज्या मातीत उभी आहे ती त्या झिजलेल्या दगडाचीच. ऑलिंपसवर पाऊस नाही, नदी नाही, फक्त बारीक धूळ आणि तिला इकडून तिकडं करणारा विरळ वारा. डोंगर शाबूत राहिला, पण कसायला माती झाली नाही. मला विचाराल तर सौद्यात आपण फायद्यात आहोत.

कडा, घसरण आणि चिकणमाती

आता या डोंगराचं सर्वांत कोड्यात टाकणारं अंग. पसरट डोंगराचा उतार पायथ्याला हळूच सपाटीला मिळायला हवा. ऑलिंपसचा तसा मिळत नाही. कडेला तो एकदम तुटतो. चारी बाजूंनी कडा, आणि तो काही ठिकाणी 8 किलोमीटरपर्यंत उंच. पायथ्याला आणखी एक एव्हरेस्टभर भिंत. काही भागांत नंतरचा लाव्हा या कड्यावरून ओघळून खाली उतरला आहे आणि तिथं तो बुजला आहे, बाकी ठिकाणी उघडा आहे.

कड्याच्या बाहेर, विशेषतः वायव्येला, शेकडो किलोमीटरपर्यंत विस्कटलेल्या, वळ्या पडलेल्या खडकांचे प्रचंड पट्टे पसरले आहेत. त्यांच्याकडं पाहून बहुतेकांचं मत असं झालं, की डोंगराच्या कडा केव्हातरी तुटून घसरल्या आणि हे पट्टे म्हणजे त्या दरडींचा राडा. हवाई बेटांच्या आजूबाजूच्या समुद्रतळावरही तसे राडे सापडले आहेत, अर्थात आकारानं फार लहान.

पण एवढ्या मंद उतारावरून एवढा मोठा तुकडा एवढा लांब घसरेल कसा? 2009 मध्ये पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि ज्युलिया मॉर्गन या संशोधकांनी संगणकावर डोंगराचं प्रारूप चालवून एक उत्तर सुचवलं. ऑलिंपस नुसत्या खडकावर उभा नसून त्याच्या बुडाशी ओलसर चिकणमातीचा जुना गाळ असावा. घट्ट खडकावर डोंगर जिथल्या तिथं बसतो, चिकणमातीवर तो बाहेर सरकत पसरतो. यातून आणखी एक गोष्ट उलगडते. ऑलिंपस दोन्ही बाजूंना सारखा नाही. वायव्येला तो लांब ताणला गेला आहे, आग्नेयेला आखूड आणि दाबला गेलेला. तिथली जमीनच मुळात आग्नेयेकडून वायव्येकडं उतरती आहे. बुडाशी निसरडा थर असला, तर डोंगर उताराच्या दिशेला जास्त सरकणारच.

काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला हे लगेच पटेल. पाणी प्यालेली काळी माती पायाखालून सरकते, भिंतीला तिरपे तडे जातात, म्हणून जुनी माणसं मुरूम लागेपर्यंत पाया खणल्याशिवाय जोत्याला हात लावत नव्हती. बेसाल्ट कुजून झालेल्या चिकणमातीची पाणी धरण्याची आणि घसरण्याची खोड मंगळावर बदलायला कारण नाही. मंगळावर फार जुन्या काळच्या चिकणमातीचे थर यानांना इतर ठिकाणी सापडलेही आहेत.

2023 मध्ये एका फ्रेंच गटानं वेगळं म्हणणं मांडलं. त्यांच्या मते ऑलिंपस एकेकाळी समुद्रातलं बेट होता आणि हा कडा म्हणजे लाव्हा पाण्याला भिडून थिजल्याची किनाररेषा. पृथ्वीवरच्या ज्वालामुखी बेटांच्या काठांशी त्याचं साम्य आहे, हे खरं. पण त्यासाठी डोंगराभोवती किलोमीटरच्या किलोमीटर खोल समुद्र उभा करावा लागतो, आणि मला तरी तेवढं पाणी मान्य करण्यापेक्षा एक निसरडा थर मान्य करणं सोपं वाटतं. वाद मिटलेला नाही.

माथ्यावरची रचना त्या मानानं सरळ आहे. वर 60 बाय 80 किलोमीटरचा खळगा आहे, लांबीला नागपूर ते वर्धा एवढा, खोली 3 किलोमीटरच्या आसपास. तो स्फोटानं उडालेला नाही. डोंगराच्या पोटात वितळलेल्या खडकाचा साठा होता. तो बाजूनं वाहून गेला की वरचं छत आधार सुटून खाली बसलं. असं एकदा नव्हे, सहा वेळा झालं. त्यामुळे खळग्यात एकमेकांना कापणारे सहा गोल दिसतात. कोणत्या गोलानं कोणाची कडा मोडली हे पाहून त्यांचा क्रम लावता येतो.

वय कसं कळलं, आणि त्यावर किती भरवसा

ऑलिंपसवरून दगडाचा तुकडा आणून प्रयोगशाळेत तपासलेला नाही. मग वय सांगतात कशावरून? उल्कांच्या खड्ड्यांवरून. आकाशातून दगड पडतच असतात. जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर खड्डे जास्त. नवा लाव्हा वाहिला की जुने खड्डे बुजतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. चंद्रावरून अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांची वयं प्रयोगशाळेत काढता आली आणि त्या त्या जागेचे खड्डेही मोजलेले होते, म्हणून खड्ड्यांचं वर्षांशी गणित बसवता आलं. तेच गणित फेरफार करून मंगळाला लावतात.

ऑलिंपसवर मोठे खड्डे फार कमी आहेत. त्यांतल्या एकाचं नाव कार्झोक, लडाखमधल्या गावावरून ठेवलेलं. मार्स एक्सप्रेस या युरोपीय यानाच्या चित्रांवर 2004 मध्ये केलेल्या मोजणीत माथ्यावरच्या खळग्याचे तळ साधारण 10 ते 20 कोटी वर्षांचे निघाले, आणि पश्चिमेच्या कड्यावरचे काही लाव्ह्याचे ओघळ जेमतेम 20-25 लाख वर्षांचे. म्हणजे डोंगराचं बूड 300 कोटी वर्षांहून जुनं, पण अंगावरचे काही ओघळ आपल्या दख्खनच्या दगडापेक्षाही पुष्कळ कोवळे. 300 कोटी वर्षं चाललेला धंदा 20 लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता, तर तो कायमचा बंद पडला असं छातीठोकपणे कोण म्हणेल? मंगळ आतून पूर्ण गार झालेला नाही, हे इनसाइट यानानं दाखवून दिलं. त्यानं 2018 ते 2022 या काळात तिथले भूकंप नोंदवले, त्यांतला सर्वांत मोठा, 4 मे 2022 चा, 4.7 तीव्रतेचा. मात्र बरेचसे धक्के ऑलिंपसकडून नव्हे, दूरच्या एलिसियम भागातल्या भेगांकडून आले.

खड्डे मोजून काढलेल्या वयावर किती विसंबायचं, हे समजून घ्यायला लोणार पुरेसं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. बेसाल्टमधलं असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक तिथं येतात. तिथले दगड हवे तेवढे हाताळता येतात. तरी त्याचं वय एका पद्धतीनं सुमारे 50 हजार वर्षं निघालं आणि दुसऱ्या पद्धतीनं 5 लाख 70 हजार. दगड हातात असताना दहापटीचा फरक! मग नुसत्या फोटोवरून काढलेल्या वयात थोडं इकडं-तिकडं होणारच.

दगड हातात यावा म्हणून कुणी ऑलिंपसवर यान का उतरवत नाही? हवेमुळे. मंगळाची हवा मुळातच आपल्या शतांशाहून विरळ, आणि या माथ्यावर तीही आठव्या हिश्श्याच्या आसपास उरते. पॅराशूटला धरायला काही नाही. म्हणून आजवर उतरलेली यानं खालच्या सखल भागांत उतरली. शिवाय ऑलिंपसच्या अंगावर धुळीचा थर आहे, त्यामुळे वरून दगडाचा प्रकार ओळखणाऱ्या उपकरणांनाही खालचा खडक नीट दिसत नाही.

पण मंगळाचे दगड आपण आणायला गेलो नाही तरी काही आपणहून आले आहेत. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून सुमारे 5 किलोचा दगड पडला. तो बेसाल्टचाच, पण वयानं फक्त 16-17 कोटी वर्षांचा. एवढ्या अलीकडं लाव्हा ओतू शकेल असा लघुग्रह नसतो, म्हणून तो एखाद्या ग्रहावरून आला असावा अशी शंका होती. तशाच जातीचा एक दगड पुढं अंटार्क्टिकात सापडला. त्याच्यातल्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळल्याचं 1983 मध्ये जाहीर झालं, आणि शंका फिटली. मोठी उल्का मंगळावर आदळली की तिथले दगड उडून अवकाशात निसटतात, त्यांतले थोडे फिरत फिरत आपल्याकडं येतात. त्या धडकेच्या दाबानं दगडातल्या एका खनिजाची काच होते. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा शेरघाटीच्या दगडातच ओळखली गेली, आणि तीच काच लोणारच्या बेसाल्टमध्येही आहे.

असे शेकडो दगड आज जमा आहेत. 2024 मध्ये क्रिस हर्ड यांच्या गटानं त्यांतल्या निम्म्या प्रकारांचा माग काढत मंगळावरच्या पाच विवरांपर्यंत पोचल्याचं सांगितलं. ही विवरं दोन ज्वालामुखी प्रदेशांत आहेत, एक एलिसियम आणि दुसरा थार्सिस, ज्याच्या काठावर ऑलिंपस उभा आहे. कोणता दगड कोणत्या लाव्ह्याचा, हे एकदा पक्कं झालं की त्याचं प्रयोगशाळेतलं वय आणि त्या जागेचे मोजलेले खड्डे शेजारी ठेवता येतील, आणि आजवर फोटोवरून सांगितलेल्या वयांचा पहिल्यांदा नीट ताळा करता येईल.